बम: पाणी देणारी भेग आणि तिच्यावर वसलेलं शहर

इराणच्या नकाशात खाली उजवीकडे, करमान प्रांतात बम नावाचं एक छोटं शहर आहे. आजूबाजूला नुसतं वाळवंट, पाऊस जवळपास नाहीच, आणि तरी तिथे दोनेक हजार वर्षं माणसं राहतायत, खजुराच्या बागा आहेत (बमचा मऊ काळा मजाफती खजूर तर जगभर जातो), एकेकाळी रेशीम आणि सुती कापडाचा मोठा व्यापार होता. वरती कच्च्या विटांचा एवढा मोठा किल्ला की तसा जगात दुसरा नाही. मग पाणी कुठून आलं?

तर पाणी आलं जमिनीच्या भेगेमुळे. म्हणजे डोंगरात पडलेलं पाणी गाळातून, वाळूतून खालच्या खाली वाहत येतं, पण जिथे भूगर्भातला फॉल्ट, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, असतो तिथे खडक घासून घासून त्याची बारीक चिकणमाती झालेली असते, ती पाण्याला अडवते, आणि अडलेलं पाणी तिथे वर चढतं. बम आणि शेजारच्या बरवात गावाच्या मधे अशाच फॉल्टमुळे झालेला एक लांबट उंचवटा आहे. लोकांनी त्या बाजूला कनाती खणल्या, कनात म्हणजे जमिनीखालून अगदी हलक्या उताराने नेलेला बोगदा, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोकं, पंप नाही, बैल नाही, पाणी आपल्या वजनाने चालत बागेत येतं. वरून बघितलं तर ही भोकं मातीच्या कड्यांची रांग दिसते.

आता खरी गोष्ट. 26 डिसेंबर 2003, शुक्रवार म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस, पहाटे 5:26, सगळे झोपलेले. भूकंप 6.6 चा, म्हणजे आकड्याने फार राक्षसी नाही, पण उथळ आणि थेट शहराखाली. किमान 26 हजार माणसं गेली, लाखभर वस्तीच्या शहरात! कच्च्या विटांचं घर पडतं तेव्हा सिमेंटच्या स्लॅबसारखी खाली पोकळी राहत नाही, सगळ्याचा भुगा होतो आणि माणूस धुळीनेच गुदमरतो. आपल्याकडे 1993 ला किल्लारीत माळवदाच्या घरांनी हेच केलं, तेही पहाटेच.

आणि गंमत नाही, दुःख असं की जो फॉल्ट लोकांना माहीत होता, तो बरवातकडचा, तो मुख्यतः हललाच नाही. सॅटेलाइटच्या रडारने भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून बघितल्या तेव्हा कळलं की सरकला तो त्याच्या पश्चिमेला, थेट बमखाली जाणारा, नकाशावर नसलेला दुसराच. किल्ला शतकानुशतकं उभा होता म्हणून इथे मोठा भूकंप होत नाही असं वाटणं स्वाभाविक होतं. पण अशा फॉल्टच्या दोन धक्क्यांमधे हजारो वर्षंही जातात, माणसाची आठवण तेवढी पुरत नाही.

लोकसंख्येचे आकडे मला फार बोलके वाटतात: 2006 च्या जनगणनेत साधारण 74 हजार, 2011 ला 1 लाख 7 हजार, 2016 ला 1 लाख 27 हजार. एवढं होऊनही शहर आधीपेक्षा मोठं झालं, कारण पाणी आणि बागा तिथेच आहेत, माणूस जाणार कुठे. खजुराची झाडं तर बहुतेक उभीच राहिली होती, ढासळल्या होत्या त्या कनाती, आणि त्या नीट केल्याशिवाय बागा वाचणार नव्हत्या.

इराणमधे हे एकट्या बमचं नाही. 1978 ला तबस नावाच्या अशाच हिरव्या गावात 13 हजारांपैकी जवळपास 11 हजार माणसं गेली. पूर्वी अशी गावं लहान होती म्हणून मेलेल्यांचा आकडाही लहान राहायचा. तेहरानही अलबोर्झ डोंगररांगेच्या पायथ्याशी, फॉल्टला खेटून, कनातींच्याच पाण्यावर वाढलेलं गाव, फक्त तिथे आता 80-90 लाख लोक राहतात.