४४०००९ : न फुटणारा पिन

नागपूरचा पत्ता लिहिताना ४४० ने सुरू होणारा पिन हाताच्या सवयीनं लिहिला जातो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली ती टपालाची छाननी सोपी व्हावी म्हणून. त्यात गणिती गुण असावेत अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पण ते निघतात.

जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, ४४०००१ घ्या. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उत्तर ४८८८९, आणि ती मूळ संख्या आहे, म्हणजे आणखी लहान अवयवांत फुटत नाही. हा पिन पटकन फुटला. मेडिकल कॉलेजचा ४४०००३ मात्र चांगलाच झुलवतो. २, ३, ५, ७ असं ओळीनं करत गेलं, तर पहिल्या त्रेपन्न मूळ संख्यांनी भाग जात नाही. माणूस कंटाळून ‘मूळ आहे’ असं लिहून मोकळा होईल, तेवढ्यात चोपन्नावी मूळ संख्या २५१ हे काम करते : २५१ × १७५३.

मग थांबायचं कुठे? संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. आता शीर्षकातला ४४०००९ घ्या. त्याचं वर्गमूळ ६६३ च्या जरा पुढे येतं. तिथपर्यंत १२१ मूळ संख्या आहेत. त्यातल्या एकीनंही भाग जात नाही, म्हणजे हा पिन मूळच. चिकाटी असेल तर एका दुपारचं काम. ४४०००१ ते ४४००३७ या संख्यांत अशा मूळ संख्या दोनच : ४४०००९ आणि वाडीचा ४४००२३.

दोन्ही मूळ, तरी स्वभाव वेगळा. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० उरते, विषम संख्येच्या वर्गाला भागलं की १. त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ०, १ किंवा २ येईल, ३ कधीच नाही. ४४००२३ मध्ये नेमकी ३ उरते. वाडीच्या पिनसाठी दोन वर्गांची जोडी शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

४४०००९ मध्ये बाकी १. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि तशी जोडी एकच असते, हे फर्मा या गणितज्ञानं १६४० मध्ये सांगितलं. सिद्धता मिळायला शंभरावर वर्षं गेली. ती ऑयलर या गणितज्ञानं दिली. मला या प्रमेयाचं कौतुक वाटतं ते यासाठी, की एक साधा भागाकार केला की जोडी आहे हे न शोधताच कळतं. ती कोणती, हे मात्र शोधावंच लागतं : ६०५ चा वर्ग ३६६०२५, २७२ चा वर्ग ७३९८४, बेरीज ४४०००९.

जीपीओचा पिन मूळ नसूनही यात बसतो. ४८८८९ ला ४ ने भागून १ उरतो, म्हणून तिची जोडी आहे : २०८ आणि ७५. उरलेला ९ हा ३ चा वर्ग. तेव्हा दोघांची तिप्पट करायची, ६२४ आणि २२५, आणि वर्गांची बेरीज करायची : ३८९३७६ + ५०६२५ = ४४०००१.