ग्वांगजू एक नाही, दोन आहेत

दक्षिण कोरियाची लेखिका हान कांगला 2024 चं साहित्याचं नोबेल मिळालं आणि तिचं जन्मगाव म्हणून ग्वांगजूचं नाव खूप जणांच्या तोंडी आलं, छानच झालं, पण "ग्वांगजू म्हणजे प्रकाशाचं शहर, सोलच्या शेजारी" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. अर्थ एका शहराचा, पत्ता दुसऱ्याचा.

मोठं ग्वांगजू तुम्हाला माहितीच आहे. दक्षिण कोरियाच्या नैऋत्येला, साधारण 14 लाख वस्ती, मे 1980 चा लष्करी सत्तेविरुद्धचा लोकांचा उठाव, बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन. दुसरं ग्योंगी प्रांतात, सोलच्या जवळ, 2001 मध्ये शहराचा दर्जा मिळालेलं. नामहानसानसॉंग किल्ला आणि जोसॉन राजघराण्याच्या पांढऱ्या चिनीमातीच्या भट्ट्या इथल्या.

आता खरी गोची. कोरियन लिपीत दोन्ही नावं हुबेहूब सारखी, उच्चार सारखा, इंग्लिश स्पेलिंगही सारखंच. फरक कळतो तो फक्त जुन्या चिनी अक्षरांत. 'जू' दोन्हीकडे तेच, म्हणजे जुन्या काळचा प्रशासकीय प्रदेश. पण 'ग्वांग' नैऋत्येकडच्या शहरात 'प्रकाश' आणि सोलजवळच्या शहरात 'विस्तीर्ण'. आपल्याकडे 'कर' म्हणजे हात पण आणि टॅक्स पण, तसंच. चीनमधल्या ग्वांगझोची अक्षरं हीच विस्तीर्णवाली, म्हणून "1980 वालं ग्वांगजू आणि चीनचं ग्वांगझो एकच नाव" हेही साफ चूक. आणि विस्तीर्ण हे नाव शोभायचंसुद्धा, कारण सोलमधल्या आजच्या गंगनमचा बराचसा भाग 1963 पर्यंत सोलजवळच्या ग्वांगजूत होता, तो सोलने घेतला, मग सोंगनाम आणि हानाम वेगळी शहरं झाली.

यातून सगळ्यात वाईट घोळ होतो तो इतिहासाचा. ऑगस्ट 1971 मध्ये 'ग्वांगजू'त मोठा उद्रेक झाला, सोलच्या झोपडपट्ट्यांतून उठवलेल्या लोकांना तिथे नेऊन टाकलं, ना धड पाणी ना काम, वर जमिनीचे पैसे भरा म्हणून तगादा, शेवटी लोक रस्त्यावर आले. ही जागा आजच्या सोंगनाममध्ये येते. पण नाव वाचून लोक त्याला 1980 च्या उठावाचा पहिला अंक समजतात, त्याच शहराचा. दोन्ही ठिकाणच्या लोकांनी जे सोसलं ते वेगळं होतं, ते असं एकात कोंबणं मला अजिबात पटत नाही.

के ने सुरू होणारं, म्हणजे Kwangju असं स्पेलिंग दिसलं तर घाबरू नका, ती 2000 च्या आधीची पद्धत. ग्योंगजू आणि गोंगजू तर वेगळीच शहरं, नीट वाचलं की झालं.

मी स्वतः लहान शहराला कायम 'ग्योंगी ग्वांगजू' लिहिते, कोरियन लोकही तसंच म्हणतात आणि तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावही तेच आहे. मोठ्या शहरासाठी हायस्पीड ट्रेनचं तिकीट काढताना 'ग्वांगजू-सोंगजोंग' शोधा.