देवळालीचा ताप आणि पुण्याची बिअर

मुंबईहून येणाऱ्या दोन मित्रांना घेऊन शनिवार-रविवारी पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्या, म्हणजे जिथल्या तिथे ताजी बिअर बनवून देणारी ठिकाणं, फिरायच्या, हा बेत बरेच दिवस नुसता बोलण्यातच होता. यंदा तो जमला. पहिल्याच ठिकाणी सहा छोटे ग्लास ओळीने समोर आले. पहिला फिका, गढूळ, पेजेच्या रंगाचा. शेवटचा कोऱ्या कॉफीसारखा काळा. एकाने विचारलं, ‘आपल्या कॉलेजच्या दिवसांत बिअरला एकच चव होती. हे सगळं कधी आलं?’ टेबलावर दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

या गोष्टीची सुरुवात नाशिकजवळच्या देवळालीत आहे. 1860च्या सुमारास ब्रिटिशांनी तिथे लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीला येऊन थांबत आणि मुंबईच्या बंदरातून मायदेशी जात. सैन्य नेणारी जहाजं मात्र थंडीच्या मोसमातच सुटत. मोसम उलटल्यावर मुदत संपलेल्याला कित्येक महिने तिथेच काढावे लागत. काम नाही, उन्हाळा अंगावर आलेला, त्यात हिवतापाची धास्ती. काहींचं डोकं फिरे. या अवस्थेला शिपाई ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि ‘डूलाली’ हा शब्द भ्रमिष्ट माणसासाठी इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव अशा वाटेने इंग्लंडला पोचलं.

2009 साली पुण्यात उंड्रीच्या बाजूला सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हा तिला नाव दिलं ‘डूलाली’. ओलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रूमास्टर त्यांच्यासोबत होते. आज आपण पुण्यात जी ताजी बिअर पितो, तिचा रस्ता तिथून सुरू होतो. हे नाव मला फार समर्पक वाटतं. या मुलखात बिअर आणली ती ब्रिटिशांनीच.

आणली म्हणजे जहाजातून, पिंपात भरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसन घराण्याची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत, तिथून ती जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या हिशेबात थोडा माल नेण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना बिअर उधारीवर देत आणि वसुलीसाठी वर्ष-दीड वर्षसुद्धा थांबत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती पिंपं मुंबई-कलकत्त्याला उतरत. 1820च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून सगळा व्यापार आपल्याच हातात घ्यायचं ठरवलं आणि संबंध बिघडले. मग कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठलं. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला, असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा स्वच्छ उठून येतो. हॉजसनच्या बिअरपेक्षा बर्टनची सरस ठरली.

हीच ती फिक्या रंगाची ‘इंडिया पेल एल’, म्हणजे आयपीए. समुद्रप्रवासात बिअर टिकत नव्हती, म्हणून एका हुशार माणसाने जास्त हॉप्स घालून ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही कथा बहुतेक मेन्यूकार्डांवर छापलेली असते. ती खरी नाही. हॉजसनची बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, आणि उष्ण मुलखात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत हे त्या काळच्या ब्रुअरांना ठाऊक होतं. शिवाय साधा शिपाई पेल एल पीतच नव्हता. त्याच्यासाठी काळी पोर्टर येई, आणि तीही त्याच वाटेने धडधाकट पोचे. पेल एल ही अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नावसुद्धा जाहिरातींतून रुळलं ते 1830च्या आसपास, तोवर ही बिअर इकडे येऊन काही दशकं उलटली होती.

म्हणजे जिच्या नावात इंडिया आहे, ती बिअर इथे बनतच नव्हती. कारण साधं आहे. बिअरच्या दोन मुख्य जातींपैकी एल आंबते साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअसला आणि लागरला त्याहूनही गार हवा लागते. बर्फाच्या यंत्रांआधी आपल्या मैदानी मुलखात हे जमणं अवघड होतं. म्हणून एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुअरी काढली ती हिमालयात, कसौलीला. थंड हवा आणि झऱ्याचं पाणी, दोन्ही तिथे हाताशी. तिथली ‘लायन’ बिअर पुढे देशभर गेली.

स्वातंत्र्यानंतरचा अडथळा हवामानाचा नव्हता, कायद्याचा होता. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदी कायदा केला. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, तरी गाभा टिकला. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी हळूहळू सैल झाली, पण आजही महाराष्ट्रातली सगळी व्यवस्था त्याच कायद्यावर उभी आहे. आता त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे, आणि विकणाऱ्याप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो. गोवा 1961पर्यंत पोर्तुगिजांकडे असल्याने या सगळ्याच्या बाहेर राहिला. तिथल्या ‘किंग्ज’ पिल्सनरच्या छोट्या बाटलीबद्दल आमच्या आधीची पिढी हळवेपणाने का बोलते, ते यावरून कळतं.

परवाने मोजके, कर जबर, जाहिरातीला मनाई. अशा बाजारात मोठा कारखानाच तग धरतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत असे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांनी बनवली ती हलकी, गाळीव, पिवळी लागर. आणि ज्या गिऱ्हाइकाला एका बाटलीच्या पैशात जास्त नशा हवी होती, त्याच्यासाठी स्ट्राँग. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये आजही स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे. मित्राला आठवणारी ‘एकच चव’ ती हीच. चवीची आवड लोकांना नव्हती असं मला मुळीच वाटत नाही. चव घेऊन बघायला समोर काही नव्हतं.

अमेरिकेतही एकेकाळी हेच झालं होतं. तिथल्या दारूबंदीनंतर मोजक्या मोठ्या कंपन्या उरल्या. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅगने सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी वाचवली. 1976 मध्ये जॅक मॅकऑलिफने कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परिसरात न्यू अल्बियन काढली. ऑक्टोबर 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवणं करमुक्त झालं. घरच्या पातेल्यात शिकलेली माणसं मग धंद्यात उतरली. ‘क्राफ्ट’ हा शब्द या मंडळींचा. जुनी इंग्लिश आयपीए त्यांनी लिंबू-संत्र्याच्या वासाचे अमेरिकी हॉप्स घालून नव्याने मांडली. पुण्यात येते ती आयपीए बहुधा या अमेरिकी घराण्यातली.

डूलालीनंतर पाच वर्षांत पुण्याचं चित्र पालटलं. 2014 मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्स आली. 2018 मध्ये मूनशाइन मीडरीची मधापासून केलेली मीड बाजारात उतरली. ती बिअर नव्हे, पण आमच्या सहलीत तिचाही एक ग्लास होता.

आता त्या सहा ग्लासांकडे येतो, कारण हा इतिहास चवीत सापडतो. चाखायला फिक्यापासून सुरुवात करावी आणि कडू नि काळं शेवटी घ्यावं, नाहीतर जीभ आधीच बधिर होते. पहिला पेजेच्या रंगाचा ग्लास बेल्जियन विट. गहू, संत्र्याची साल आणि धणे. होय, आपले धणेच. ही जात बेल्जियममध्ये जवळजवळ नामशेष झाली होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिसने 1960च्या दशकात ती पुन्हा जिवंत केली. दुसरा जर्मन हेफेवाइझन. त्यात पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण केळं वा लवंग काही घातलेलं नसतं. आंबताना यीस्टच तो वास तयार करतं. मित्राचा यावर विश्वास बसेना. त्याने ब्रुअरला बोलावून खात्री करून घेतली, आणि ब्रुअरनेही काचेपलीकडच्या टाक्यांशी नेऊन सगळं दाखवलं.

तिथे उभं राहिल्यावर मला ही विद्या परकी वाटत नाही. सातूला मोड आणायचे, मटकीला आणतो तसेच. मोड वाढायच्या आत भट्टीत सुकवायचे. हलके सुकवले तर फिकी बिअर, करपेपर्यंत भाजले तर काळी स्टाउट. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की पिठूळपणाची साखर होते. हा गोड काढा गाळून हॉप्ससोबत उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालून आंबत ठेवायचा. ज्या घरात नाचणीची आंबील होते, इडलीचं पीठ फुगतं, तिथे यातली निम्मी पायरी रोजची आहे. हॉप्स मात्र आपल्याकडे बहुतेक बाहेरूनच येतात.

रविवारी दुपारी शेवटच्या ठिकाणी आम्ही आयपीए मागवली. दोनशे वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या प्रवासाने यायची ती बिअर आमच्या टेबलापासून वीस पावलांवरच्या टाकीतून आली. मागच्या दाराशी दोन माणसं गाळून उरलेला सातूचा ओला चोथा पोत्यांत भरत होती. त्यातून अजून वाफ निघत होती. ‘हे कुठे जातं?’ आम्ही विचारलं. ‘गोठ्यावर,’ ते म्हणाले. ‘म्हशी आवडीने खातात.’