सीमाभागात मानसिक आजार का लपवला जातो: कायदा, इस्पितळ आणि सोयरीक यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मानसिक आरोग्याविषयीचे कार्यक्रम आता नवे राहिलेले नाहीत. १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की महाविद्यालयांत व्याख्याने होतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, आशा कार्यकर्त्यांची शिबिरे भरतात. या कार्यक्रमांचा सूर बहुधा ठरलेला असतो. लोक अडाणी आहेत, ते देवऋषीकडे जातात, अंगारा लावतात, उतारा टाकतात आणि म्हणून डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात, असे त्यात सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. या भागात मानसिक आजाराभोवती जी लाज साचली आहे, तिचा मोठा वाटा देवळाकडून आलेला नसून कचेरीकडून, म्हणजे कायद्याकडून आणि त्या कायद्याने चालवलेल्या इस्पितळाकडून आलेला आहे. हा इतिहास बाजूला ठेवला, की केवळ गावकऱ्यांच्या श्रद्धेला दोष देऊन जनजागृती थांबते.

इंग्रजी अमलात बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला होते. धारवाडचे वेड्यांचे इस्पितळ १८४५ साली सुरू झाले. कंपनी सरकारच्या काळात उभ्या राहिलेल्या अशा संस्थांचा हेतू उपचाराइतकाच, किंबहुना उपचारापेक्षा अधिक, बंदोबस्ताचा होता. छावणी, बाजार आणि सरकारी रस्ते यांवर भटकणारा, आरडाओरडा करणारा, लोकांना घाबरवणारा माणूस कोठे तरी ठेवायचा होता आणि तुरुंग हे त्याचे ठिकाण नव्हे एवढे सरकारला पटले होते. त्या काळात आजारावर गुणकारी औषध जगात कोठेच नव्हते, त्यामुळे ठेवून घेणे आणि सांभाळणे यापलीकडे इस्पितळाला फारसे काही करता येण्यासारखेही नव्हते.

१८५८ साली, कंपनीची सत्ता संपून राणीचा अंमल सुरू झाला त्याच वर्षी, या विषयावर एकाच दमात तीन कायदे झाले. त्यांपैकी एक इस्पितळांविषयी होता, तर उरलेले दोन न्यायालयांविषयी होते आणि त्यांचा भर वेडसर ठरलेल्या माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहायची यावर होता. तीनपैकी दोन कायदे मुख्यत्वे मालमत्तेभोवती फिरावेत, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे १९१२ चा भारतीय वेडसरपणाचा कायदा आला आणि तो थेट १९९३ पर्यंत चालला. म्हणजे आज साठीत असलेल्या माणसाचे तारुण्य त्याच कायद्याखाली गेले. या कायद्यानुसार भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने इस्पितळात ठेवून घेण्याचा हुकूम काढायचा, अशी रीत होती. घरच्यांनी अर्ज केला तरी दोन वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. स्वतःहून दाखल होण्याची वाट कायद्यात होती, पण तिलाही इस्पितळाच्या पाहणी मंडळातील दोघांची संमती लागे.

खेड्यातील कुटुंबाला हा प्रवास कसा दिसला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. दारात पोलीस, मग मामलेदार कचेरी, मग कोर्ट, मग डॉक्टरचा कागद आणि शेवटी धारवाडची भिंत. चोराच्या वाट्याला येणारी प्रत्येक पायरी आजारी माणसाच्याही वाट्याला येत होती. त्यातच ज्याला न्यायालयाने एकदा वेडसर ठरवले, त्याच्या जमिनीचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती जाऊ शकत होता. भाऊबंदकीने पोखरलेल्या आपल्या गावांत या तरतुदीचा अर्थ लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. घरातील माणूस बिघडला आहे हे चारचौघांत कबूल करणे म्हणजे त्याच्या वाटणीच्या रानावर भाऊबंदांची नजर ओढवून घेणे होते. लपवणे हा अशा वेळी अडाणीपणा नव्हता. तो हिशेब होता.

देशभरातील अशा संस्थांना १९२० नंतर मनोरुग्णालये म्हटले जाऊ लागले, पण पाटी बदलली तरी गज आणि कुलपे राहिली. ‘ह्याला धारवाडला पाठवा’ हे बेळगावकडे थट्टेतही म्हटले जाते, जसे पुण्यात येरवड्याचे आणि कोकणात रत्नागिरीचे नाव घेतात. १८८६ मध्ये सुरू झालेले रत्नागिरीचे रुग्णालय घाटाखाली आहे आणि चंदगड, आजरा, सावंतवाडीकडची माणसे तिकडे जात. नव्वदीच्या दशकात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडून देशातील सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून घेतली. १९९९ मध्ये आलेल्या त्या अहवालातही अनेक ठिकाणच्या इमारती तुरुंगासारख्याच असल्याचे नोंदवले गेले.

आता देवळांकडे वळावे लागते. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील भक्त पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. दत्तसंप्रदायाची नृसिंहवाडी कृष्णाकाठी हाकेच्या अंतरावर आहे, आणि बाधा झालेल्यांचे ठिकाण म्हणून कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरची ख्याती सगळ्या महाराष्ट्रात आहे. या ठिकाणी रुग्णाला काय मिळत होते, हे तटस्थपणे पाहिले पाहिजे. घरचे माणूस सोबत राहत असे, आजाराला ‘बाहेरचे लागले’ असे नाव मिळत असे, आणि दोष बाहेरचा ठरल्यामुळे रोगी आणि त्याचे घराणे दोषमुक्त होई. बरे वाटले तर तो माणूस गावात परत येऊन पूर्वीसारखा नांगर धरू शकत होता. धारवाडहून परतलेल्याला ही सोय नव्हती. दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. डोक्यात जट आली, घरात आजारपण सरेना, मूल टिकेना, अशा कारणांवरून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध १९८२ मध्ये कायदा केला, तोपर्यंत आणि त्यानंतरही, या श्रद्धेची किंमत गरीब आणि दलित घरांतील मुलींनी मोजली. देवस्थानांविषयी सरसकट हळवे होण्याचे म्हणूनच कारण नाही.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव, धारवाडसह हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाची कहाणी येथे सांगण्याचे कारण नाही, पण आजारी माणसाच्या वाटा त्याने बदलल्या हे खरे. धारवाड पूर्वीही होते आणि पुढेही राहिले, मात्र त्याच्या वरची संस्था पुण्या-मुंबईऐवजी बंगळूरला आली. तेथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचे निम्हान्समध्ये रूपांतर झाले. वैद्यकीय दृष्टीने हा बदल लाभाचाच ठरला. बिदर, भालकी, औराद या तालुक्यांची गोष्ट निराळी आहे. ते निजामाच्या राज्यात असल्याने त्यांचा ओढा हैदराबादकडे होता.

दरम्यान १९५२ च्या सुमारास क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि घरी राहून उपचार घेणे प्रथमच शक्य झाले. भारत सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. तो जिल्ह्यात कसा राबवायचा याचा पहिला मोठा प्रयोग १९८५ पासून कर्नाटकातच, बळ्ळारी जिल्ह्यात झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण द्यायचे, मोजकी औषधे केंद्रातच ठेवायची आणि अवघड रुग्ण तेवढे वर पाठवायचे, ही त्या प्रयोगाची रीत होती. १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच धर्तीवर उभा राहिला. पुढे कर्नाटकाने ‘मनोचैतन्य’ या नावाने तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसवण्याची व्यवस्था आणली. बेळगाव शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नंतर सरकारी वैद्यकीय संस्थाही झाली, त्यामुळे शहरात तज्ज्ञांची वानवा राहिलेली नाही.

तरीही मंगळवारच्या त्या खोलीत एक अडचण उरते आणि ती भाषेची आहे. बेळगाव शहरातील माणूस दोन्ही भाषांत सहज वावरतो. खानापूरच्या जंगलाकडील वाडीतील म्हातारीला मात्र मराठीखेरीज काही येत नाही. हाड मोडले असेल तर खुणेने भागते. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात कालवतं’, ‘डोकं सुन्न पडतं’ ही तक्रार नेमकी किती जुनी, किती खोल, तिच्यामागे सासरचा जाच आहे की पोटच्या पोराचा मृत्यू, हे दुभाष्याकरवी, तेही बहुधा सुनेकरवी, कसे विचारणार? ज्या सुनेविषयी बोलायचे असते, तीच मधे बसलेली असते. सरकारी भित्तिपत्रके कन्नडमध्ये असणे हा या भागात राजकीय वादाचा विषय होतो. आरोग्याच्या बाजूने त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

लाजेचे दुसरे मोठे मूळ सोयरिकीत आहे आणि तेथेही कायदा आडवा येतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वधू किंवा वर वेडसर नसावा ही विवाहाची अट घातली. १९७६ च्या दुरुस्तीने त्या अटीत अपस्मार, म्हणजे फिट येणे, हाही आजार आणून बसवला आणि तो काढायला १९९९ उजाडावे लागले. मानसिक आजारासंबंधीची अट बदललेल्या शब्दांत आजही आहे आणि घटस्फोटाचे कारण म्हणूनही तो आजार कायद्यात आहे. सीमाभागातील सोयरिकी गडहिंग्लज, कागल, चंदगड, मिरज अशा राज्याच्या रेषेपलीकडे पसरलेल्या असतात, तेथे चौकशी माणसामाणसांतून होते आणि बातमी बसपेक्षा लवकर पोहोचते. त्यामुळे निपाणीचा रुग्ण कोल्हापुरात किंवा मिरजेत औषध घेतो आणि तिकडचा बेळगावात येतो, असे चित्र दिसते. लोक याला चांगल्या डॉक्टरचा शोध म्हणतात. माझ्या मते त्यात ओळख टाळण्याचाच भाग मोठा आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नाला १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ कलमाने गुन्हा ठरवले होते. त्यामुळे वाचलेल्या माणसाच्या खाटेजवळ डॉक्टरच्या पाठोपाठ पोलीस येत आणि घरची मंडळी घडलेला प्रकार अपघात म्हणून सांगत. ‘पोटदुखीला कंटाळून’ हे मराठी वृत्तपत्रांतील ठरीव कारण याच भीतीच्या आश्रयाने टिकले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम त्या रूपात राहिलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

२०१७ च्या कायद्यामागच्या घटनांत ६ ऑगस्ट २००१ ची एर्वाडी येथील आगही होती. तमिळनाडूतील या दर्ग्याच्या गावी एका खासगी आसऱ्यात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नव्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, भूल न देता विजेचे झटके देणे थांबवले आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असे बजावले. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये कायदा केला. कर्नाटकाचा तसा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आला तो २०२० मध्ये. मधल्या वर्षांत कागलमध्ये ज्या प्रकारावर विशेष कायदा लागू होत होता, त्याच महामार्गावरच्या निपाणीत त्याच प्रकाराला मारहाणीची नेहमीची कलमे लावावी लागत.

आजाराचे प्रमाण किती, या प्रश्नाला २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे उत्तर दिले जाते: प्रौढांपैकी १०.६ टक्के. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत कर्नाटकही नव्हते, महाराष्ट्रही नव्हता. तेव्हा व्याख्यानांत हा आकडा बेळगावचा म्हणून सांगणाऱ्यांनी थोडे जपून बोलावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे आणि त्याच्या भाषांत कन्नड आणि मराठी दोन्ही आहेत. समोरासमोर ओळख होण्याचे भय ज्यांना आहे त्यांना तो सोयीचा आहे, मात्र औषधांची चिठ्ठी घेऊन शेवटी कोणत्या तरी दुकानाच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले तेव्हा दोन्ही राज्यांत बरीच वादावादी झाली. ती योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या मनोविकाराच्या रुग्णाला लागतात त्या वर्षानुवर्षे घरी घ्यायच्या गोळ्या. त्यांचा भार उचलण्याची दुसरी वाट दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आहे. मानसिक आजार त्यात दिव्यांगत्व म्हणून मोडतो आणि ठरावीक मोजपट्टीवर तपासून सरकारी रुग्णालय प्रमाणपत्र देते. त्यावर निवृत्तिवेतन आणि प्रवासाची सवलत मिळू शकते. पण या प्रमाणपत्रावर आजाराचे नाव असते आणि त्याची नोंद सरकार दरबारी होते. घरात लग्नाची बहीण असली, की तिचे हात पिवळे होईपर्यंत भावाचे प्रमाणपत्र काढायचे नाही, असे ठरवून बसलेली कुटुंबे या भागात आहेत आणि गोळ्यांचा खर्च ती गवंडीकामाच्या नाहीतर विडीकामाच्या मजुरीतून भागवतात.