मेसबिल, सिंगतेल आणि 95 राजीनामे : नवनिर्माणची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात सरकारविरोधात चार माणसं रस्त्यावर आली की 'नवनिर्माण'ची, म्हणजे गुजरातच्या 1974 च्या विद्यार्थी आंदोलनाची, आठवण निघतेच. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट बुडाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, 9 जुलै 2025 ला पादऱ्याकडचा गंभीरा पूल मही नदीत कोसळला. ठेका कुणाचा, तपासणी कुणी केली, पैसा कुठे गेला हे विचारणाऱ्यांच्या तोंडी दर वेळी 1974 आलं. विद्यापीठात मेसफी आणि स्थानिकांचे प्रवेश यांवरून आंदोलनं झाली तेव्हा तर ते यायचंच होतं. पण गोष्ट सांगितली जाते ती ठरलेली: मेसबिल वाढलं, पोरं भडकली, सरकार पडलं. सरकार पडल्यानंतरच्या पाच आठवड्यांचं नाव फारसं कुणी काढत नाही. या देशाच्या राज्यघटनेत बदल झाला तो मात्र त्या पाच आठवड्यांमुळे.

राज्यकर्त्याला गैरकारभारावरून घालवणं या शहराला नवं नव्हतं. 1875 मध्ये वडोदऱ्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याचा आरोप आला, तेव्हा चौकशी आयोगातले तीन इंग्रज सभासद एका बाजूला गेले आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या. त्या तिघांत ग्वाल्हेरचे शिंदे होते आणि ग्वाल्हेरचेच माजी दिवाण दिनकरराव. आयोगाचं एकमत होईना म्हटल्यावर इंग्रजांनी विषाचा मुद्दा गुंडाळून ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन गादी काढून घेतली. पुढे महाराज प्रतापसिंहरावांनी संस्थानच्या खजिन्यातून उचललेल्या रकमांवरून वाद झाला, 1949 मध्ये विलीनीकरण झालं, मग महागुजरात, म्हणजे गुजरातीभाषकांच्या वेगळ्या राज्याचं आंदोलन. महागुजरातच्या वेळी इथल्या मराठी घरांची चांगलीच पंचाईत झाली. मुंबईचे नातेवाईक संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आणि भिंतीपलीकडचा शेजारी महागुजरातच्या. 'जनता कर्फ्यू' हा शब्द गुजरातेत त्याच आंदोलनाने रुळवला आणि नवनिर्माणने तो आयता उचलला. जुन्या इतिहासाचं एवढं पुरे.

1972 चा पावसाळा कोरडा गेला. 1973 च्या एप्रिलमध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हातात घेतला आणि तो अंगाशी आला. गहू बाजारातून दिसेनासा झाला, सरकारी गोदामातही पुरेसा आला नाही. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी खनिज तेलाच्या नाड्या आवळल्या. घाऊक किमतींची वाढ त्या वर्षी 20 टक्क्यांच्या घरात गेली. अशा वेळी केंद्राने गुजरातला मिळणारा गहू 1,05,000 टनांवरून 55,000 टनांवर आणला. दिल्लीच्या दृष्टीने ही काटकसर होती, देशभर धान्य कमी होतं आणि कुठेतरी हात आखडणं भागच होतं. रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्याचा अर्थ एवढाच कळला की कार्डावरचा गहू कमी झाला आणि उरलेला दामदुपटीने बाजारातून आणायचा.

मेसबिलाचं कोडंही इथेच सुटतं. वसतिगृहाची मेस चालते ती विद्यार्थ्यांच्याच पैशांवर. महिनाभर जे धान्य, तेल, भाजी लागते त्याचा खर्च शेवटी डोक्यांवर वाटला जातो. त्यामुळे बाजारातला भाव मुलांना बापापेक्षाही आधी आणि रोख आकड्यात कळतो. 20 डिसेंबर 1973 ला अहमदाबादच्या अभियांत्रिकी कॉलेजातली मुलं जेवणाच्या 20 टक्के दरवाढीवरून संपावर गेली, ती काही लाडावलेली म्हणून नव्हे. शहरातल्या प्रत्येक घराचा हिशेब तोच होता, फक्त घरात तो कुणी नोटीस बोर्डावर लावत नाही.

त्यात सिंगतेल. गुजराती स्वयंपाकाचं आणि इथल्या मराठी स्वयंपाकाचंही निम्मं गणित शेंगदाण्याच्या तेलावर. राज्यात उदंड पिकणारी ही वस्तूच महाग का, या प्रश्नाला लोकांनी उत्तर शोधून ठेवलं होतं: 'तेलिया राजा', म्हणजे सौराष्ट्रातले तेलगिरणीवाले. मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी त्यांच्याकडून पक्षासाठी मोठी रक्कम उचलली आणि बदल्यात भाव मोकळा सोडला, हा आरोप चौकाचौकात होता. 'चिमन चोर' ही घोषणा त्यातूनच आली. काटकसर आणि लाचखोरी एरवी निरनिराळ्या तक्रारी असतात. इथे तेलाच्या डब्यात दोन्ही एकत्र आल्या.

हे चिमणभाई आपल्याच भागातले. जन्म संखेडा तालुक्यातला आणि 1950 मध्ये सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे पहिले अध्यक्ष. विद्यार्थ्यांनी घालवलेला मुख्यमंत्री विद्यार्थी चळवळीतूनच आला होता, हे अहमदाबादच्या इतिहासकारांना तळटीपेइतकं वाटतं. वडोदऱ्याच्या माणसाला ते विसरता येत नाही. जुलै 1973 मध्ये ते खुर्चीवर बसले ते निवडणूक जिंकून नव्हे. 1972 च्या निवडणुकीत काँग्रेसने 168 पैकी 140 जागा घेतल्या होत्या आणि मुख्यमंत्री दुसरेच होते. चिमणभाईंनी आमदारांचा गट अहमदाबादजवळच्या पंचवटी फार्मवर नेऊन ठेवला, डोकी मोजून दाखवली आणि खुर्ची मिळवली. ही पंचवटी लक्षात ठेवायची आहे.

जानेवारीचा घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक आहे. 3 जानेवारीला पुन्हा संप आणि पोलिसांशी चकमक, 7 पासून बेमुदत बंद, 10 जानेवारीला अहमदाबाद आणि वडोदरा दोन्ही शहरांत बंद, आणि त्यानंतरचे दोन दिवस तोफान. 25 तारखेला राज्यभर बंद झाला, चाळीसहून अधिक गावांत संचारबंदी लागली आणि 28 ला अहमदाबादेत लष्कर उतरलं. संपूर्ण आंदोलनात शंभराच्या आसपास माणसं गेली, बहुतेक पोलिसांच्या गोळीने. प्राध्यापकांच्या संघटना उतरल्या, वकील उतरले, मध्यमवर्गीय बायका उतरल्या. गिरणी कामगारांची जुनी वजनदार युनियन मात्र बऱ्यापैकी लांब राहिली. शहरातल्या वयस्कर मंडळींना विचारा, गोळीबाराच्या आधी ती थाळ्यांबद्दल बोलतात. ठरल्या वेळी गच्चीत, ओट्यावर, खिडकीत यायचं आणि उलथन्याने पितळी थाळी बडवायची. त्याला 'मृत्युघंट' म्हणत, सरकारच्या मरणाचा घंटानाद. संचारबंदीत घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आवाजाला बंदी करायची कशी हे पोलिसांना उमगलं नाही.

9 फेब्रुवारी 1974 ला दिल्लीच्या सांगण्यावरून मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. विधानसभा मात्र विसर्जित केली नाही, निलंबित ठेवली.

वरवर पाहता हा तांत्रिक फरक. विसर्जन म्हणजे सभागृह संपलं, आमदार घरी, निवडणूक घ्यायची. निलंबन म्हणजे आमदार आमदारच, फक्त सभागृहाला कुलूप, आणि वातावरण निवळलं की कुलूप काढून दुसरा मुख्यमंत्री बसवायचा. आंदोलकांची शंका हवेतली नव्हती. उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांच्या बंडानंतर जून 1973 मध्ये विधानसभा निलंबित झाली आणि नोव्हेंबरात त्याच आमदारांवर नवं मंत्रिमंडळ उभं राहिलं. आंध्रात जानेवारी 1973 ला तोच प्रयोग झाला, डिसेंबरात तोच निकाल. दोन्ही उदाहरणं ताजी असताना गुजरातच्या पोरांनी विश्वास ठेवावा तरी कशावर? मागणी बदलली. आता मुख्यमंत्री नको एवढं पुरेना. सगळे 168 नकोत.

दिल्ली ऐकेना, तेव्हा आंदोलकांनी दुसरी वाट धरली. विसर्जन केंद्राच्या हातात, पण राजीनामा एकेका आमदाराच्या हातात. तेव्हाच्या घटनेत कलम 190 सरळ होतं: सदस्याने सहीनिशी विधानसभेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की जागा त्या क्षणी रिकामी. अध्यक्षांनी ते स्वीकारण्याचा प्रश्नच नव्हता. विरोधी पक्षाच्या आमदारांनी फेब्रुवारीत आपणहून राजीनामे दिले. सत्ताधाऱ्यांकडून ते घ्यायचे होते, आणि ते कसे घेतले गेले यावर आजही घराघरांत दोन मतं आहेत. घेराव, घरापुढे रात्रभर घोषणा, प्रेतयात्रा, चपलांचे हार, काही ठिकाणी धक्काबुक्की. मार्चपर्यंत 95 राजीनामे जमले. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मोरारजी देसाईंनी उपोषण धरलं आणि चार-पाच दिवसांत विधानसभा विसर्जित झाली.

दबाव होता हे नाकारण्यात अर्थ नाही. घराला वेढा पडलेला, बायकामुलं आत, अशा माणसाची सही स्वेच्छेची म्हणायची कशी? आंदोलनाच्या जयंत्या साजऱ्या करणारे हा प्रश्न टाळतात. पण आंदोलनाला झुंडशाही म्हणून मोकळे होणारेही त्याच्या आधीचा प्रश्न टाळतात: कार्डावरचा गहू निम्मा झाला, तेलाच्या भावाचा जाब विचारायचा आहे आणि पुढची निवडणूक तीन वर्षं लांब आहे, अशा मतदाराकडे सभ्य उपाय कोणता होता?

केंद्राने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही झटपट. मे 1974 मध्ये 33 वी घटनादुरुस्ती आली. आता राजीनाम्याचं पत्र पुरेसं नाही, अध्यक्षांनी ते स्वीकारायला हवं, आणि ते स्वेच्छेने दिलेलं आणि खरं नाही असं चौकशीअंती वाटलं तर अध्यक्षांनी स्वीकारू नये. दुरुस्तीच्या उद्देशपत्रात आमदारांवर झालेल्या बळजबरीचा उल्लेख आहे. गुजरातचं नाव घालण्याची गरज नव्हती, सगळ्यांना ते ठाऊक होतं. मतदाराला आपला प्रतिनिधी परत बोलावता यावा म्हणून एक खासगी घटनादुरुस्ती विधेयक त्याच वर्षी लोकसभेत आलं होतं. ते पुढे सरकलं नाही.

या दुरुस्तीने रस्त्यावरची बळजबरी पाहिली, फार्महाऊसमधली पाहिली नाही, असं माझं मत आहे. आंदोलनाच्या सहा महिने आधी पंचवटीत आमदार नेऊन बसवले होते, ते कुणाला बळजबरीचं वाटलं नाही, कारण तिथे दगड नव्हते, जेवणावळी होत्या. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली तेव्हा तर वाट आणखी मोकळी झाली: पक्ष सोडला तर आमदारकी जाते, मग आमदारकीचाच राजीनामा द्यायचा, सरकार पाडायचं आणि पोटनिवडणुकीत दुसऱ्या चिन्हावर परत यायचं. 2019 मध्ये कर्नाटकात हेच झालं. त्या वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे का एवढंच अध्यक्षांनी पाहायचं, त्यामागचा हेतू शोधायचा नाही. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशात ज्योतिरादित्य शिंद्यांच्या पाठोपाठ 22 आमदारांनी बंगळूरूहून राजीनामे पाठवले. सहा मंत्र्यांचे आधी स्वीकारले गेले, उरलेले विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या रात्री, आणि 20 मार्चला सरकार गेलं. त्या वर्षीच्या 28 पोटनिवडणुकांपैकी 16 ग्वाल्हेर-चंबळमध्ये होत्या. आपल्यापैकी अनेकांचं सोयरपण ग्वाल्हेरला आहे, तिथे फोन केला की यावर तास-दीड तास सहज जातो, आणि शिंद्यांच्या बाजूने नि विरुद्ध दोन्हीकडून जातो.

निलंबन-विसर्जनाचा वाद तर उलटाच फिरला. 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रपती राजवटीला संसदेची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही, तोवर निलंबितच ठेवायची. ज्या निलंबनाविरुद्ध इथे माणसं मेली, ते आता केंद्राच्या मनमानीवरचा लगाम मानलं जातं. दोन्ही गोष्टी आपापल्या काळात बरोबर आहेत.

गुजरातेतली निवडणूक लगेच झाली नाही. त्यासाठी मोरारजींना एप्रिल 1975 मध्ये पुन्हा उपोषण करावं लागलं. दरम्यान मे 1974 चा रेल्वे संप झाला, त्याची झळ प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीपर्यंत पोचली. जुलैत केंद्राने नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत वळवला. काटकसरीचा हा दुसरा हप्ता, आणि या वेळी तो थेट पगाराच्या पाकिटातून. 12 जून 1975 ला इंदिरा गांधींची निवड रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल लागला, त्याच दिवशी गुजरातचे निकाल आले. 182 पैकी काँग्रेसला 75, विरोधी पक्षांच्या जनता मोर्चाला 86. बहुमत कुणालाच नाही. आणि मोर्चाचं सरकार उभं राहिलं ते चिमणभाईंनी काढलेल्या नव्या पक्षाच्या 12 आमदारांच्या टेकूवर. ज्यांना घालवायला थाळ्या बडवल्या त्यांच्याच पाठिंब्यावर आंदोलनाचं सरकार शपथ घेतं, हे तेव्हाच्या पोरांनी कसं गिळलं असेल देव जाणे. आणीबाणी लागली त्या पहिल्या महिन्यांत हेच सरकार देशभरच्या भूमिगतांना आसरा ठरलं. त्यातूनच वडोदऱ्याचं नाव डायनामाइट खटल्याला, म्हणजे जॉर्ज फर्नांडिसांवरच्या स्फोटांच्या कटाच्या खटल्याला, चिकटलं. मार्च 1976 मध्ये ते सरकार पडलं.

आणीबाणीचं समर्थन करताना केंद्राने गुजरातच्या आमदारांकडून घेतलेल्या राजीनाम्यांचा दाखला दिला होता. चिमणभाई 1990 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, या वेळी रीतसर निवडणूक जिंकून, आणि फेब्रुवारी 1994 मध्ये निधन होईपर्यंत त्या खुर्चीवर होते. नवनिर्माणात त्यांच्याविरुद्ध घोषणा दिलेले काही जण तोपर्यंत वेगवेगळ्या पक्षांत स्थिरावले होते, काही त्यांच्याच आघाडीत.