पार्श्वभूमी : गाडीच्या नोंदीपासून ‘सर्वांसाठी एआय’पर्यंत

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात १८६६ साली शिरगणती झाली, ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. गोळा केलेली माहिती लोकांना परत मिळावी, हा विचार कायद्यात यायला माहिती अधिकार उजाडावा लागला: राज्यात २००२, देशात २००५. कलम ४ तर अर्जाची वाट न बघता माहिती आपणहून प्रसिद्ध करा म्हणते. २०१२ च्या केंद्रीय धोरणाने ती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात मागितली. तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ चढवून ‘ऑनलाइन केलं’ म्हणणाऱ्या कार्यालयांच्या हे अजून पचनी पडलेलं नाही.

जून २०१८ मध्ये केंद्राच्या धोरणपत्राने ‘सर्वांसाठी एआय’ (म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता) अशी हाक दिली. एआय शिकतं ते डेटावर. त्या डेटावरून खरा वाद मात्र पेटला पुढच्या वर्षी, आणि तो गाड्यांच्या नोंदींवरून.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याने वाहन नोंदणी आणि लायसन्सचा डेटा घाऊक देण्याचं धोरण आणलं. २०१९-२० साठीचा दर: व्यापारी कंपनीला ३ कोटी, संशोधन करणाऱ्या शिक्षणसंस्थेला ५ लाख. जुलैमध्ये राज्यसभेत सांगण्यात आलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना या नोंदींपर्यंत पोहोच दिली आहे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार, त्यामुळे इथे हा विषय लांबचा नव्हता. एमएच ३१ किंवा एमएच ४९ चा नंबर घेताना आरटीओत भरलेली माहिती गाडी रस्त्यावर आणण्यासाठी दिलेली असते. ती बाजारात देऊ का, असं कोणी विचारलंही नव्हतं. वेगवेगळे डेटासंच जुळवले तर माणूस ओळखता येऊ शकतो, ही कबुली त्या धोरणातच होती! त्याच जुलैतल्या आर्थिक पाहणीने डेटा ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली आणि काही भाग खासगी क्षेत्राला विकण्याचीही शिफारस केली.

जून २०२० मध्ये धोरण मागे घेतलं गेलं. चर्चा सगळी खासगीपणाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दराकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. नागपुरातल्या साध्या इंजिनीअरिंग कॉलेजने अपघातांवर प्रोजेक्ट करायचा म्हटलं तर ५ लाख आणायचे कुठून? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने एकूणच सरकारी डेटासाठी नव्या धोरणाचा मसुदा आणला, त्यात डेटाला पुन्हा किंमत लागली. टीका झाल्यावर मे महिन्यात दुसरा मसुदा आला. विक्रीची भाषा गेली, शुल्क आकारण्याची मुभा राहिली.

त्यानंतर पैसा आला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एआयसाठी सुमारे १० हजार ३७२ कोटींची मोहीम मंजूर केली. संशोधक आणि स्टार्टअपना जीपीयू, म्हणजे एआयसाठी लागणारे ताकदवान प्रोसेसर, सवलतीच्या दराने मिळू लागले. मार्च २०२५ मध्ये डेटासंचांचा सरकारी मंच सुरू झाला. जूनमध्ये राज्याने शेतीच्या एआय धोरणाला ५०० कोटी दिले.

नागपुरात यंत्रणा आधी पोहोचली ती रस्त्यावर आणि पोलिसांकडे. २०२१ पासून ‘आपली बस’ या शहर बससेवेच्या गाड्यांवर धोक्याच्या जागा टिपणारी उपकरणं बसली. २०२४ मध्ये राज्य पोलिसांची एआय कंपनी इथेच स्थापन झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये जबलपूर महामार्गावर एका महिलेला धडक देऊन पळालेला ट्रक, अंगावरच्या लाल खुणांएवढाच धागा हाती असताना, टोलनाक्यांच्या फुटेजमधून एआयच्या मदतीने ३६ तासांत सापडला.

सरकारला अशी नजर मिळत असताना नागरिकाची खिडकी अरुंद झाली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. आधी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती द्या, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. ते आता काढलं आहे. काटोलच्या संत्रा बागायतदाराने गावातल्या नुकसानभरपाईची यादी मागितली, तर माहिती अधिकारी नावं वैयक्तिक आहेत म्हणून नकार देऊ शकतो. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शाबूत आहे, पण तिच्यासाठी त्या शेतकऱ्याला बहुधा अपिलात जावं लागेल.