कावळ्याच्या डोक्यात मावतं तरी किती?

‘कावळ्याला सात वर्षांच्या मुलाइतकी अक्कल’ अशी बातमी अधूनमधून झळकते आणि भराभर पुढे पाठवली जाते. मला ही तुलनाच पटत नाही. मुलांना घातलेलं एखादं कोडं कावळ्यालाही सुटलं, एवढंच त्यातून कळतं. त्याहून मोठं नवल वेगळंच आहे. कावळ्याचा थोराड भाऊबंद असलेल्या रॅव्हनचा मेंदू जेमतेम १४ ग्रॅमचा. एवढ्याशा जागेत इतकी हुशारी मावते कशी?

त्यासाठी चेतापेशी मोजायला हव्यात. चकत्या कापून मोजावं तर पेशींची दाटी जागोजागी वेगळी, त्यामुळे अंदाज फसतो. ब्राझीलचे मेंदूसंशोधक सुझाना हर्कुलानो-हुझेल आणि रॉबर्टो लेंट यांनी २००५ मध्ये भन्नाट वाट काढली: मेंदू चक्क घोटून पातळ करायचा! रसायनात मुरवलेला मेंदू साबणासारख्या द्रावणात घोटला की पेशींची आवरणं फुटतात, केंद्रकं मात्र शाबूत राहतात. दर पेशीला केंद्रक एकच, म्हणून केंद्रकं मोजली की पेशी मोजल्या. ढवळल्यावर दाटी सगळीकडे सारखी होते. मग थेंबभर घेऊन मोजायचं आणि हिशेबाने गुणायचं. चेतापेशींच्या केंद्रकातल्या एका प्रथिनाला चिकटणारा रंग घातला की त्या इतर पेशींपासून वेगळ्या ओळखू येतात.

माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी निघाल्या, आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज! पण हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत. विचाराचं काम जिथे चालतं त्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरात, साडेपाच अब्जांच्या आसपास. आपल्या तिथे १६ अब्ज. २०१६ मध्ये पक्ष्यांच्या २८ जातींची मोजणी प्रसिद्ध झाली. रॅव्हनकडे दोन अब्जांहून जास्त, त्यातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे एक अब्जाहून जास्त, मेंदूच्या पुढच्या भागात; कॉर्टेक्सचं काम पक्ष्यांत तिथेच चालतं. सुमारे ५० ग्रॅम मेंदूच्या कॅपुचिन माकडाच्या कॉर्टेक्समध्येही जवळपास तेवढ्याच. पक्ष्यांच्या पेशी लहान आणि एकमेकींना खेटून, त्यामुळे थोड्या जागेत जास्त मावतात.

आणि अशा पक्ष्यावर आपण मृताच्या इच्छेचा भार टाकतो! पिंडाला कावळा शिवत नसेल तर आधी अनोळखी गर्दी मागे सरकवून पाहावी. कावळा चेहरे लक्षात ठेवतो. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये संशोधकांनी मुखवटा घालून कावळे पकडले, तर पुढे तो मुखवटा दिसला की कावळे वर्षानुवर्षं कलकलाट करत राहिले.

पेशींच्या आकड्यावरून कुवत कळते, ती कशाला वापरली जाते हे नाही. ते प्रयोगातच दिसतं. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या स्क्रब जे पक्ष्यांना अळ्या आणि शेंगदाणे लपवू दिले. अळ्या कुजतात हे आधी अनुभवलेले पक्षी चार तासांनी अळ्यांच्या जागा शोधू लागले. पाच दिवसांनी मात्र शेंगदाण्यांच्या.